पहिले सादरीकरण: तयारीपासून प्रश्नोत्तरांपर्यंत

कार्यालयातला प्रस्ताव असो, महाविद्यालयातला प्रकल्प असो किंवा संस्थेच्या सभेपुढे ठेवायचा अहवाल असो, लोकांसमोर उभे राहून काही मांडायचे ठरले की बहुतेक नवखी मंडळी सर्वांत आधी लॅपटॉप उघडतात आणि शीर्षकाची स्लाइड तयार करायला घेतात. त्यानंतरचे सगळे दिवस स्लाइड सजवण्यात जातात, बोलायचे काय हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही, आणि मग प्रत्यक्ष सभेत जी धांदल उडते तिचे खापर भीतीवर किंवा आवाजावर फोडले जाते. माझ्या पाहण्यातली फसलेली सादरीकरणे क्वचितच आवाजामुळे फसली आहेत. श्रोत्यांनी उठून जाताना नेमके काय सोबत न्यावे, हे बोलणाऱ्यानेच ठरवलेले नसते, आणि ती उणीव मग प्रत्येक टप्प्यावर डोके वर काढते. म्हणून पुढील पायऱ्या मी ज्या क्रमाने तयारी करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. त्यांत स्लाइडचा विषय चौथ्या पायरीवर येतो आणि तो त्याआधी काढू नये, असा माझा आग्रह आहे.

समजायला सोपे जावे म्हणून लेखभर एकच उदाहरण घेतले आहे: एका ग्रंथालयाची संध्याकाळची वेळ दोन तासांनी वाढवावी, असा प्रस्ताव तुम्हाला व्यवस्थापन समितीपुढे मांडायचा आहे.

१. श्रोते कोण आहेत, हे विचारून घ्या

ज्यांनी तुम्हाला बोलावले आहे त्यांना काही प्रश्न सरळ विचारावेत; त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. किती जण असतील? त्यांना विषयाची किती ओळख आहे? निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे? मिळालेल्या वेळेत प्रश्नोत्तरे धरली आहेत की त्यांना वेगळा वेळ आहे? तुमच्या आधी कोण बोलणार आहे आणि कशावर? हा शेवटचा प्रश्न अनेकांना सुचत नाही, पण आधीच्या वक्त्याने तुमचीच आकडेवारी मांडून टाकली तर तुमची पहिली पाच मिनिटे निरर्थक ठरतात.

ग्रंथालयाच्या उदाहरणात हिशेब पाहणाऱ्या सदस्याला वाढीव खर्च जाणून घ्यायचा असेल, कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला कामाच्या पाळ्या कशा बदलणार याची चिंता असेल, आणि वाचकांच्या प्रतिनिधीला जागा कधीपासून मिळेल एवढेच हवे असेल. तिघांना सारखाच वेळ देऊ पाहिले तर तिघांचेही समाधान होत नाही. निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्या शंकांना मध्यभागी ठेवा आणि बाकीच्यांना विषय कळत राहील एवढी काळजी घ्या.

आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यालाही थोडेफार ठाऊक असणारच, असे आपण नकळत गृहीत धरतो, आणि हा सापळा अतिशय चिवट आहे. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी केलेला प्रयोग यासंदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा होता आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांना वाटले की निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते. तुमच्या क्षेत्रातली संक्षेपरूपे, योजनांची नावे आणि तांत्रिक शब्द यांचे असेच होते. म्हणून मसुदा तयार झाला की तो त्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ऐकवा आणि तो कुठे अडखळतो ते टिपून ठेवा.

२. एकच वाक्य लिहा

आता कोरा कागद घ्या आणि त्यावर एक वाक्य लिहा: सभा संपल्यावर कोणी दारात विचारले की “काय सांगितले त्यांनी?”, तर श्रोत्याने कोणते उत्तर द्यावे? हे वाक्य पूर्ण असले पाहिजे, म्हणजे त्यात क्रियापद असले पाहिजे, आणि त्याच्याशी एखाद्याला असहमत होता आले पाहिजे. “ग्रंथालयाची वेळ” हा विषय झाला. त्याच्याशी सहमत किंवा असहमत होण्यासारखे काही नाही. “ग्रंथालय संध्याकाळी दोन तास अधिक उघडे ठेवावे, कारण सर्वाधिक वाचक ज्या वेळी येऊ शकतात त्याच वेळी आपण दार बंद करतो” हे वाक्य झाले. यातून काय करायचे ते कळते आणि का करायचे तेही कळते.

हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला तरी तो सत्कारणी लागला असे समजा. अनेकदा ते लिहिता लिहिता लक्षात येते की आपल्याकडे दोन वेगळे प्रस्ताव आहेत, किंवा कारण म्हणून आपण जे पुढे करत होतो त्याला पुरावाच नाही. हे आज कळलेले बरे. समितीपुढे कळले तर सावरायला जागा उरत नाही.

तुमचे सादरीकरण निर्णयासाठी नसून केवळ माहिती देण्यासाठी असेल, तरीही हे वाक्य टाळू नका. तिथे फक्त प्रश्न बदलतो: हे ऐकल्यावर श्रोत्याला असे काय करता येईल, जे आधी करता येत नव्हते? नव्या कर्मचाऱ्यांना रजेचे नियम समजावून सांगायचे असतील तर “रजेचे नियम” हे उद्दिष्ट नव्हे. “प्रत्येकाला आपला रजेचा अर्ज कोणाची मदत न घेता योग्य प्रकारे भरता यावा” हे उद्दिष्ट आहे.

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हा कागद समोर ठेवा. एखादा मुद्दा, तक्ता किंवा किस्सा त्या वाक्याला आधार देत नसेल तर तो कितीही आवडता असला तरी बाजूला काढा. नवख्या वक्त्याला हे सर्वांत जड जाते, कारण माहिती गोळा करण्यात मेहनत गेलेली असते आणि ती दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. श्रोत्यांना मात्र तुमच्या मेहनतीचा हिशेब नको असतो, तिचे फळ हवे असते.

३. मांडणी कागदाच्या चिठ्ठ्यांवर करा

एका चिठ्ठीवर एक मुद्दा लिहून त्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा आणि पुढे-मागे करून पाहा. संगणकाच्या पडद्यावर हा खेळ नीट होत नाही, कारण तिथे एका वेळी एकच स्लाइड डोळ्यांसमोर असते आणि तिची सजावट खुणावत राहते.

बहुतेक प्रस्तावांना पुरेशी ठरणारी चौकट साधी आहे: आज स्थिती काय आहे, त्यात अडचण काय आहे, उपाय कोणता, आणि तुमच्याकडून काय हवे आहे. क्रम मात्र श्रोत्यांनुसार बदलावा. घाईत असलेल्या, निर्णय घेणाऱ्या लोकांपुढे मागणी पहिल्या मिनिटातच सांगून टाकावी आणि कारणे नंतर द्यावीत. ते शेवटपर्यंत थांबतीलच याची खात्री नसते. ज्यांचा विरोध अपेक्षित आहे अशा लोकांपुढे ज्या अडचणीबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत आहे तिथून सुरुवात करावी, नाहीतर मागणी ऐकताच ते मनातल्या मनात उत्तर तयार करू लागतात आणि पुढचे ऐकतच नाहीत.

मुख्य मुद्दे तीन, फार तर चार ठेवा. माणूस एका वेळी किती गोष्टी मनात धरू शकतो, याबद्दल जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलेला सातचा आकडा प्रसिद्ध आहे. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी उपलब्ध संशोधन तपासून तो आकडा चारच्या आसपास असल्याचे मांडले. श्रोत्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही, त्यामुळे मी लहान आकडा धरून चालतो.

वेळेचा हिशेबही इथेच करावा. वीस मिनिटे मिळाली असतील तर सोळा मिनिटांचे सादरीकरण तयार करा, कारण सभा उशिरा सुरू होते, माइक नीट करण्यात वेळ जातो, मध्येच कोणी प्रश्न विचारतो. टेड परिषदांतली भाषणे १८ मिनिटांत बसवावी लागतात, आणि २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या पेचाकुचा पद्धतीत प्रत्येकी २० सेकंदांच्या २० स्लाइड, म्हणजे एकूण ६ मिनिटे ४० सेकंद एवढाच अवकाश मिळतो. तेवढ्यातही लोक गंभीर विषय नीट मांडतात. वेळ कमी पडला तर कोणत्या दोन चिठ्ठ्या गाळायच्या हे आधीच ठरवून त्यांवर खूण करून ठेवा. ऐनवेळी ठरवू गेलात तर हमखास शेवट गाळला जातो, आणि तुमची मागणी तर शेवटीच असते.

सुरुवातीची आणि शेवटची दोन-तीन वाक्ये शब्दशः लिहून काढा. सुरुवात आभारांच्या लांबलचक यादीने करू नका आणि “तयारीला फारसा वेळ मिळाला नाही” असे तर कधीच म्हणू नका. त्या एका वाक्याने तुम्ही श्रोत्यांना लक्ष न देण्याची मुभा देता. “संध्याकाळी सातला आपण दार बंद करतो, आणि त्या वेळी वाचनकक्षातली एकही खुर्ची रिकामी नसते” असे विषयालाच हात घालणारे वाक्य पुरेसे आहे.

४. आता स्लाइड तयार करा

स्लाइडच्या शीर्षकाला किती महत्त्व असते, हे सांगणारे एक दुःखद उदाहरण आहे. कोलंबिया हे अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान अंतराळात असतानाच त्या आघाताचे विश्लेषण स्लाइडच्या रूपाने अधिकाऱ्यांपुढे ठेवले गेले होते. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक आश्वासक होते. चाचण्यांमध्ये वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा, ही सर्वांत गंभीर बाब मात्र उपमुद्द्यांच्या उतरंडीत अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. माहिती-आरेखनाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची सविस्तर चिकित्सा केली, आणि अपघाताच्या चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात तांत्रिक माहिती अशा स्लाइडमधून देण्याच्या पद्धतीवर टीका केली. अपघाताची कारणे अर्थातच अनेक होती. पण वाचणाऱ्याने काय समजावे हे शीर्षक ठरवते, आणि गंभीर गोष्ट तळाशी ठेवली तर ती तिथेच राहते, हे या प्रकरणावरून स्पष्ट दिसते.

म्हणून प्रत्येक स्लाइडचे शीर्षक हे एक विधान असू द्या. “तासागणिक उपस्थिती” असे न लिहिता “सर्वाधिक वाचक शेवटच्या तासात येतात” असे लिहा. केवळ शीर्षके ओळीने वाचली तरी तुमचे म्हणणे समजले पाहिजे. स्लाइड तयार झाल्यावर ही चाचणी अवश्य घ्या.

एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवा आणि तुम्ही जे बोलणार आहात ते जसेच्या तसे तिच्यावर लिहू नका. श्रोता पडद्यावरचे वाक्य वाचू लागला की त्याला तुमचे बोलणे नीट ऐकू येत नाही, कारण वाचण्याचा वेग आणि ऐकण्याचा वेग वेगळा असतो. चित्रासोबत बोललेले शब्द पुरेसे असताना तेच शब्द पडद्यावरही दिले तर शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते, असे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही अनेकदा दिसून आले आहे. सविस्तर मजकूर हवा असेल तर तो वेगळ्या छापील टिपणात द्या. स्लाइडच टिपण म्हणूनही वापरायच्या, या सवयीमुळे त्या ना धड वाचायला चांगल्या होतात, ना धड दाखवायला.

अक्षरांच्या बाबतीत गाय कावासाकी यांचा दहा-वीस-तीस हा नियम प्रसिद्ध आहे: दहा स्लाइड, वीस मिनिटे आणि तीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. पहिले दोन आकडे प्रसंगानुसार बदलतील. तिसरा मी शक्यतो मोडत नाही. देवनागरीला तर त्याची अधिकच गरज आहे, कारण वेलांट्या, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे लहान आकारात एकमेकांत मिसळून जातात. ओळींमधले अंतरही इंग्रजी मजकुरापेक्षा थोडे जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना जाऊन भिडतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तयार केलेली स्लाइड तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि सभागृहातला संगणक बहुधा तुमचा नसतो.

रंग निवडताना अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक ठळक असू द्या. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असे उजेडाचे गुणोत्तर सांगितले आहे, प्रोजेक्टरचा प्रकाश फिका असल्याने तुम्ही त्याच्याही पुढे जावे. चांगले-वाईट दाखवण्यासाठी केवळ लाल आणि हिरवा यांवर विसंबू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना या दोन रंगांतला फरक ओळखणे कठीण जाते आणि इतरत्र प्रमाण कमी असले तरी अशी माणसे सगळीकडे असतात. रंगाच्या जोडीला चिन्ह किंवा शब्द द्या.

आलेख दाखवताना आधी आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे हे सांगा, आणि मगच आकड्यांकडे वळा. हान्स रोस्लिंग यांच्या २००६ च्या टेड भाषणात ही शिस्त दिसते: जगभरातील देशांचे बुडबुडे हलू लागण्यापूर्वी ते एका अक्षावर जननदर आणि दुसऱ्यावर आयुर्मान असल्याचे नीट समजावतात, त्यामुळे पुढची गुंतागुंतही कोणालाच जड जात नाही. प्रत्येक आलेखात जी रेघ किंवा जो स्तंभ महत्त्वाचा आहे तो गडद ठेवा आणि बाकीचे फिके करा. अहवालातला वीस ओळींचा तक्ता जसाच्या तसा चिकटवून “हे कदाचित दिसत नसेल” असे म्हणणे हा श्रोत्यांचा अनादर आहे. जे दिसणार नाही ते दाखवूच नका.

ॲनिमेशनबद्दल थोडक्यात: मुद्दे एकामागून एक उलगडण्यासाठी वापरा, अन्य कशासाठी नको. स्लाइडला क्रमांक मात्र जरूर द्या, कारण प्रश्न विचारणारा “त्या सातव्या स्लाइडवर” असे म्हणू शकला तर दोघांचाही वेळ वाचतो.

५. तालीम उभे राहून, मोठ्याने करा

मनातल्या मनात वाचणे म्हणजे तालीम नव्हे. मनात प्रत्येक वाक्य सहज पूर्ण होते. तोंडाने बोलू लागले की कुठे श्वास कमी पडतो, कोणता शब्द जिभेवर अडतो आणि एका स्लाइडवरून दुसरीकडे जाताना कसे अडखळायला होते, ते कळते. संपूर्ण भाषण पाठ करू नका, कारण एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. कागदावरून वाचूही नका. लहान कार्डांवर मुद्द्यांचे शब्द, आकडे आणि नावे लिहा, आणि वाक्ये प्रत्येक वेळी नव्याने जुळू द्या. सुरुवात आणि शेवट तेवढे तोंडपाठ असू द्यावेत.

इथेही एक सापळा आहे. प्रत्येक जण तालीम सुरुवातीपासून करतो, मध्ये अडतो, पुन्हा सुरुवातीकडे येतो. परिणामी पहिली तीन मिनिटे घोटून तयार होतात आणि शेवट एकदाही बोलून पाहिलेला नसतो. म्हणून काही तालमी मुद्दाम मधून सुरू करा आणि एक तालीम फक्त शेवटच्या पाच मिनिटांची करा.

फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. आपलाच आवाज ऐकणे सुरुवातीला नकोसे वाटते, परंतु “म्हणजे”, “तर”, “ओके” हे शब्द किती वेळा येतात आणि वाक्यांचे शेवट कुठे गिळले जातात हे दुसऱ्या कोणत्याही उपायाने इतके स्पष्ट कळत नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. शेवट गिळला की “करावे” होते की “करू नये”, हेच श्रोत्याला कळत नाही.

अखेरची तालीम कोणाच्या तरी समोर करा आणि नंतर त्यांना “कसे झाले?” असे विचारू नका, कारण त्यावर “छान झाले” हेच उत्तर येते. “मी काय मागितले आणि का मागितले?” असे विचारा. उत्तर दुसऱ्या पायरीतल्या तुमच्या वाक्याशी जुळले नाही, तर दुरुस्ती मांडणीत हवी आहे असे समजा.

६. सोबत काय घ्यायचे

पुढील वस्तू आणि फाइली आदल्या दिवशीच एकत्र करून ठेवा:

– सादरीकरणाची मूळ फाइल लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या ई-मेलवर
– तीच फाइल पीडीएफ स्वरूपात. फॉन्ट किंवा आवृत्ती जुळली नाही तरी ती सहसा जशीच्या तशी उघडते
– व्हिडिओ किंवा ध्वनी वापरला असल्यास त्याची स्वतंत्र फाइल. इंटरनेटच्या दुव्यावर विसंबू नये
– लॅपटॉपचा चार्जर आणि एचडीएमआय, यूएसबी-सी व व्हीजीए जोडण्यांसाठी अडॅप्टर
– स्लाइड पुढे-मागे करण्याचा रिमोट आणि त्याचे जादा सेल
– मुद्द्यांची कार्डे, क्रमांक घातलेली
– श्रोत्यांना द्यायच्या टिपणाच्या प्रती
– आकडेवारीचा मूळ आधार असलेली कागदपत्रे: मोजणीच्या नोंदी, खर्चाचा अंदाज, आवश्यक मंजुरीपत्रे
– घड्याळ आणि पाण्याची बाटली

आकडेवारीच्या मूळ कागदांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उपस्थितीची मोजणी कोणत्या दिवसांत आणि कोणी केली, असा प्रश्न आला आणि नोंदवही तुमच्या हातात असली, तर पुढच्या अनेक शंका आपोआप मिटतात.

७. सभागृहात लवकर पोचा

किमान अर्धा तास आधी पोचावे. लॅपटॉप जोडून प्रत्येक स्लाइड एकदा पडद्यावर पाहा. तुमची स्लाइड १६ : ९ प्रमाणात आणि प्रोजेक्टर ४ : ३ चा असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षरे लहान होतात. मग सर्वांत मागच्या खुर्चीवर बसून वाचता येते का ते पाहा. माइकमध्ये एक पूर्ण वाक्य बोला. लॅपटॉपवरच्या सूचना बंद करा आणि तो मध्येच झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करा.

पॉवरपॉइंटमधल्या काही कळा ठाऊक असल्या की धीर येतो. ‘एफ५’ने सादरीकरण पहिल्या स्लाइडपासून सुरू होते आणि ‘शिफ्ट’सह ‘एफ५’ दाबल्यास चालू स्लाइडपासून. ‘बी’ दाबल्यास पडदा काळा होतो आणि सर्वांचे लक्ष तुमच्याकडे येते. पुन्हा दाबल्यास स्लाइड परत दिसते. स्लाइडचा क्रमांक टाइप करून ‘एंटर’ दाबले की थेट तिथे जाता येते, प्रश्नोत्तरांच्या वेळी वीस स्लाइड उलट्या फिरवाव्या लागत नाहीत.

८. छातीत धडधडले तर

ही धडधड प्रत्येकाला होते आणि पुढेही पूर्णपणे जात नाही. “शांत हो” असे स्वतःला बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी ज्यांनी स्वतःला “मी उत्साहात आहे” असे सांगितले त्यांची भाषणे “मी शांत आहे” म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. वेगाने चालणारे हृदय दोन्ही भावनांत सारखेच असते, त्यामुळे शरीराशी झगडण्यापेक्षा त्याला वेगळे नाव देणे सोपे जाते. याखेरीज मला दोन गोष्टी उपयोगी वाटतात: सुरू करण्यापूर्वी सावकाश, लांब श्वास सोडणे, आणि आधी आलेल्या दोन-चार श्रोत्यांशी बोलून घेणे, म्हणजे उभे राहिल्यावर समोर काही ओळखीचे चेहरे असतात.

९. बोलताना

पहिले वाक्य पडद्याकडे न पाहता, श्रोत्यांकडे पाहून बोला. एक वाक्य पूर्ण होईपर्यंत एकाच व्यक्तीकडे पाहा, मग दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीकडे वळा. नवी स्लाइड आली की दोन क्षण थांबा. लोकांना ती पाहू द्या आणि मग बोला. महत्त्वाच्या आकड्यानंतरही थांबा. बोलणाऱ्याला ही शांतता फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला ती हवीच असते.

संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे प्रशिक्षणवर्गांत सर्रास सांगितले जाते. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेले आहेत. त्या प्रयोगांचा विषय मर्यादित होता: बोलणाऱ्याला काय आवडते व काय नावडते याचा अंदाज, शब्द आणि सूर परस्परविरोधी असताना, ऐकणारा कशावरून बांधतो. ग्रंथालयाचा खर्च किती वाढेल हे देहबोलीतून सांगता येत नाही. हातवाऱ्यांचा सराव करण्यात जाणारा वेळ म्हणण्याची स्पष्टता वाढवण्यात घालवा. म्हणणे पक्के असले की हात आपोआप योग्य जागी जातात.

प्रोजेक्टर बंद पडला तर दोन मिनिटांपेक्षा अधिक काळ दुरुस्तीत घालवू नका. कार्डे हातात आहेत, टिपण श्रोत्यांकडे आहे. दुरुस्तीचे काम दुसऱ्या कोणावर सोपवून तुम्ही बोलत राहा. वेळ संपत आल्याचे दिसले तर बोलण्याचा वेग वाढवू नका. खूण केलेल्या चिठ्ठ्या गाळा आणि शेवटाकडे जा.

ऑनलाइन सादरीकरणात हेच नियम लागू आहेत, फक्त कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, संपूर्ण पडदा न दाखवता केवळ सादरीकरणाची खिडकी दाखवा, आणि चॅटमधले प्रश्न पाहण्यासाठी एका सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

१०. प्रश्नोत्तरे

सर्वांत अडचणीचे प्रश्न आधीच लिहून काढा आणि प्रत्येकाचे उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा. “कर्मचारी कुठून आणणार?”, “परीक्षेचा काळ सोडून इतर वेळी खरेच इतके वाचक येतात का?” असे प्रश्न येणारच आहेत. त्यांसाठीचे तपशील शेवटच्या स्लाइडनंतर जादा स्लाइडमध्ये ठेवा.

प्रश्न पूर्ण होऊ द्या, सर्वांना ऐकू जाईल असा तो थोडक्यात पुन्हा सांगा आणि मग उत्तर द्या. त्यात तुम्हाला विचार करायलाही अवधी मिळतो. उत्तर ठाऊक नसेल तर अंदाज करू नका. “हा आकडा माझ्याकडे आत्ता नाही, शुक्रवारपर्यंत पाठवतो” असे सांगा आणि सर्वांसमोर ते लिहून घ्या. कोणी प्रश्नाच्या नावाखाली भाषण सुरू केले तर श्वासासाठी थांबण्याची वाट पाहा, त्यातला विषयाशी जुळणारा एक मुद्दा उचलून त्याचे उत्तर द्या आणि नजर दुसऱ्या बाजूला वळवा. विरोधी प्रश्नाला उत्तर देताना त्यातला जो भाग योग्य आहे तो आधी मान्य करा. समितीला तुमची निष्पक्षता त्यातून दिसते.

प्रश्नोत्तरांवर सभा सोडून देऊ नका. शेवटचा प्रश्न अनेकदा किरकोळ असतो, आणि तोच लोकांच्या मनात राहतो. म्हणून अर्धे मिनिट राखून ठेवा आणि तोंडपाठ केलेला शेवट त्या अर्ध्या मिनिटात बोला: काय हवे आहे, कोणाकडून हवे आहे, कधीपर्यंत हवे आहे.

११. सभेनंतर

त्याच दिवशी एका पानाचे टिपण पाठवा. त्यात मागणी, तीन कारणे, सभेत ठरलेल्या गोष्टी आणि तुम्ही पाठवायचे कबूल केलेले तपशील असावेत. आलेले सर्व प्रश्न विसरण्यापूर्वी लिहून ठेवा. एकच प्रश्न दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला असेल तर तो मुद्दा तुमच्या मांडणीतच अस्पष्ट राहिला होता, असे समजून संबंधित स्लाइड लगेच सुधारा. प्रस्ताव पुढच्या बैठकीत पुन्हा आला तर त्याच फाइलपासून सुरुवात करायची आहे.